ओनुमा-सानांची शिमाई

माझे वडील लातूरला गंजगोलाईत हातगाडी ओढायचे. गाडी भाड्याची, माल दुसऱ्याचा, घाम तेवढा स्वतःचा. पाऊस लागून राहिला की बाजार थंड, आणि मग चूलही थंड. आई लोकांकडे धान्य निवडायला जायची. येताना पदराच्या ओट्यात जे असेल ते आमचं रात्रीचं जेवण. अशा घरातून मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी लाजत सांगत नाही, आणि कुणी विचारायची वाटही बघत नाही.

आता टोकियोत एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. साहेब लोक मला वाकून नमस्कार करतात, मीही तेवढाच वाकतो, हिशोब संपला. पण एका माणसापुढे मी जरा जास्तच वाकतो. आमच्या हिगाशी-कसाईच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे ओनुमा-सान. वय ऐंशीला टेकलेलं, एकटा जीव, अंगाने काटकुळे. आणि हे ओनुमा-सान स्वतः वाकतात सीगलपुढे.

खरंच सांगतो. समुद्रावरचा तो पांढरा पक्षी दिसला की टोपी काढून कमरेतून वाकतात. एकदा उरायासूच्या किनाऱ्यावर आम्ही फिरायला गेलो होतो, तिथे सीगलचा थवाच उतरला. ओनुमा-सानांची टोपी वर-खाली, वर-खाली. लोक बघायला लागले. तेवढ्यात एका सीगलनं माझ्या हातातलं सँडविच पळवलं.

"आभार माना त्याचे," ओनुमा-सान गंभीरपणे म्हणाले.

"सँडविच माझं गेलं आणि आभारही मीच मानू?"

"त्यांचे आपल्यावर उपकार आहेत, दत्ता-क्योदाई."

हे 'आपल्यावर' कुठून आलं, ते सांगायला हवं. ओनुमा-सान मॉर्मन आहेत. येशूला मानणारा, अमेरिकेत निघालेला हा पंथ. उत्तरेकडच्या एका कोळ्यांच्या गावात ते वाढले. एकोणीस वर्षांचे असताना पांढरे शर्ट घातलेली दोन अमेरिकन पोरं सायकलवरून धर्म सांगत आली. त्यांचं जपानी इतकं कच्चं, की 'तुमचा देवावर विश्वास आहे का' हे 'तुमचा केसांवर विश्वास आहे का' असं ऐकू यायचं; जपानीत देवही 'कामी' आणि केसही 'कामी'. ओनुमा-सानांचे वडील पूर्ण टकले. त्यांना ते पहिल्याच दिवशी खटकलं. मुलाला मात्र पटलं.

तेव्हापासून त्या पंथाचे पहिले लोक म्हणजे जणू ओनुमा-सानांचे चुलते-मावसे. "आमचे पहिले पैगंबर शेतकऱ्याचे पोर. शाळा जवळजवळ नाहीच," असं सुरू करतात. लहानपणी पायाचं हाड कापायचं होतं, डॉक्टर दारू पाजायला निघाले, तर पोरानं दारू नको म्हटलं. "वडिलांनी धरून ठेवलं म्हणजे पुरे, म्हणाला!" हे सांगताना ओनुमा-सान स्वतःचा पाय चोळतात. पुढे त्यांना गावोगावहून हाकललं, घरं जाळली, पैगंबराला तुरुंगात जमावानं मारलं. मग दुसरे नेते सगळ्यांना घेऊन पश्चिमेला निघाले. तापानं फणफणलेले, गाडीत आडवे. एक ओसाड खोरं दिसलं तसे उठून बसले आणि म्हणाले, "हीच ती जागा." तिथे पेरलं, पीक आलं, तर किड्यांची धाड पडली. तेव्हा कुठून तरी सीगल आले आणि त्यांनी ते किडे खाऊन टाकले. म्हणून टोपी.

पुढे ज्यांना बैलगाडी परवडत नव्हती, ते लोक तुकड्या-तुकड्यांनी हजार मैलांहून जास्त चालत आले. डोंगर, नद्या, बर्फ. कितीतरी वाटेतच गेले. ओनुमा-सानांचा सगळा जीव या चालणाऱ्यांवर. मी ट्रेनच्या गर्दीबद्दल कुरकुर केली की म्हणणार, "ते चालत आले." लिफ्ट बंद पडली, "ते चालत आले." माझ्या पासपोर्टचं काम रखडलं, तेव्हासुद्धा तेच. पासपोर्टचा आणि चालण्याचा काय संबंध, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

आमची ओळख भूकंपानं करून दिली. दोन हजार अकराचा तो मार्च. दुकानांतून पाणी, दूध, पाव सगळं गायब. दारात ओनुमा-सान, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. त्यांच्या पंथात वर्षभराचं धान्य घरात ठेवायची शिकवण आहे आणि ओनुमा-सान सांगितल्यापेक्षा जास्तच पाळणारे. त्यांच्या घरी गेलो तर पलंगाला पायच नाहीत, गव्हाच्या डब्यांवर गादी. कपड्यांच्या कपाटात तांदूळ, कपडे खुर्चीवर. पुढचे काही दिवस आमचा मजला त्या कपाटावर जगला.

पुढच्या वर्षी आई लातूरहून राहायला आली. ओनुमा-सान भेटायला आले. आईनं चहा टाकला. ते चहा पीत नाहीत, कॉफीही नाही, धर्मात बसत नाही. आमच्याकडे चहा नको म्हणणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर रुसलेला तरी.

"काय चुकलं का रं माझं?" आई हळूच म्हणाली.

मग ताक दिलं. ओनुमा-सान तीन भांडी प्यायले आणि "शिमाई, फार छान" म्हणाले. त्यांच्या चर्चमध्ये एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात. भाऊ म्हणजे क्योदाई, बहीण म्हणजे शिमाई. ओनुमा-सान ते चर्चच्या बाहेरही सोडत नाहीत. आईला हे मी समजावलं, पण तिच्या डोक्यात वेगळंच बसलं.

"तुला दाई कशाला म्हणायलेत? तू काय बाळंतपणं करतूस? मला बग, माई म्हणले. संस्कारी माणूस."

त्याच बैठकीत चालणाऱ्यांची गोष्ट निघाली. मी भाषांतर करत होतो. त्या लोकांनी सामान हातगाडीवर लादून ओढत आणलं, हे सांगितलं आणि आई थांबली.

"हातगाडी? देवमाणसांची हातगाडी?"

"हो."

"मग सांग की त्यांना. तुजा बाप बी जल्मभर हातगाडीच वडला म्हणून."

मी सांगितलं. ओनुमा-सान उठून उभे राहिले. टोपी डोक्यावर नव्हतीच, तरी हात तिकडे गेला. आईसमोर असे वाकले की कपाळ गुडघ्याला लागायचं बाकी राहिलं. मग दबक्या आवाजात मला विचारलं, "कोणत्या तुकडीत होते?"

"काय म्हणायलेत?"

"बाबा कोणत्या तुकडीत होते, विचारतायत."

आईनं क्षणभर विचार केला. "सांग, गंजगोलाईच्या."

इंजिनिअर म्हणून मला बरेच जण वाकले आहेत. हमालाचा मुलगा म्हणून माझ्या घरापुढे वाकलेला हा पहिला माणूस. त्या रात्री जेवताना आईनं दोनदा डोळे पुसले आणि मिरची तिखट आहे म्हणाली.

ओनुमा-सान महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास करतात. "एकादस करत्यात म्हण की," आईनं लगेच मान्यता दिली. शनिवारी दुपारपासून पोटात काही नाही. त्याच उपाशी पोटी बसनं उत्तरेला जायचं, रविवारी तिकडच्या छोट्या चर्चला, आणि संध्याकाळी उपवास सुटायच्या वेळी धाकट्या बहिणीच्या दारात. फुमिए-सान तिचं नाव. तिचं घर त्सुनामीत गेलं, आता सरकारनं बांधलेल्या तात्पुरत्या घरांच्या चाळीत एकटी राहते. हे दार वाजवतात. ती उघडत नाही. हे तांदळाची पिशवी कापडात बांधून दाराशी ठेवतात आणि परत येतात. दर महिन्याला. एका संध्याकाळी बहिणीनं दार उघडावं, एवढंच त्यांचं उपवासातलं मागणं.

"पण मागच्या वेळचं कापड धुऊन, घडी करून कडीला लावलेलं असतं," ते मला अगदी खुशीत म्हणाले. "इस्त्री केलेलं, दत्ता-क्योदाई! इस्त्री!"

त्या नोव्हेंबरात ओनुमा-सानांची कंबर धरली. डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली. तांदूळ कोण नेणार?

"आपण जाऊ की," आई म्हणाली. "भाऊबीज गेली न् भाऊ बहिणीच्या दारातनं परत येतूय? असं कुटं असतंय व्हय?"

शंकरपाळ्यांचा डबा घेऊन ती आधी तयार.

बसमध्ये ओनुमा-सानांनी मला बाकीचं सांगितलं. वडील वारले तेव्हा हे नव्या धर्माच्या पहिल्या जोशात होते. मोठा मुलगा. वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची वेळ आली, आणि हे हात खाली सोडून उभे राहिले. सगळ्या गावासमोर.

"चर्चनं तसं सांगितलं होतं?" मी विचारलं.

"छे. चर्चमधले म्हणाले असते, जा, वडिलांना मान दे. मीच सांगितल्यापेक्षा जास्त पाळत होतो." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "फुमिए म्हणाली, तुला गावभर शिमाई मिळाल्यात, मग मी कशाला हवी? त्यानंतर बोलली नाही."

संध्याकाळी त्या चाळीत पोचलो. सगळी दारं सारखी, सगळ्या भिंती पत्र्याच्या, वारा बोचरा. ओनुमा-सानांनी दार वाजवलं आणि सवयीनं दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. आत दिवा होता. भांड्याचा आवाज आला, तोही थांबला.

आईनं थोडा वेळ वाट बघितली. तिच्या हिशोबानं दारात आलेल्या माणसाला इतका वेळ उभं ठेवत नाहीत.

"काय नाव म्हणलास बाईचं?"

"फुमिए-सान."

ते काही तिच्या जिभेवर बसेना. मग तिनं तिला येत असलेला एकच मानाचा शब्द काढला आणि पत्र्यावर थाप मारली. "शिमाई! ए शिमाई! दार उघड की गं! भाऊ गारठलाय बाहेर!"

ओनुमा-सानांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "तो शब्द नको," ते मला म्हणाले. "नेमका तोच नको."

दार धाडकन उघडलं. एवढीशी बाई, एप्रन, हातात पळी. "मी कुणाची शिमाई नाही!" ती कडाडली.

आणि थबकली. समोर नऊवारी, वर माझं ऑफिसचं जाकीट, कानाला मफलर, हातात स्टीलचा डबा.

आईला त्या वाक्यातला एकच शब्द कळला. ती खूश झाली. "बग, वळखलं तिनं मला," म्हणाली, चपला काढल्या आणि आत गेली. आमच्याकडे दार उघडलं म्हणजे या म्हटल्यासारखंच असतं. फुमिए-सान पळी धरून तशीच बाजूला झाली.

खोली केवढीशी. कोपऱ्यात छोटा देव्हारा, त्यात दोन फोटो, पाण्याचे डाग पडलेले. समुद्रातून परत आलेले असावेत.

"ह्ये कोण?"

"त्यांचे आईवडील."

आईनं मफलर सोडून डोक्यावर पदर घेतला. डबा उघडून चार शंकरपाळ्या फोटोंपुढे ठेवल्या, हात जोडले, मग वाकून जमिनीला डोकं टेकलं. हे तिनं कुणाला दाखवायला केलं नाही. परक्याच्या घरी गेलं की आधी त्यांच्या मोठ्यांच्या पाया पडायचं, एवढंच तिला ठाऊक.

फुमिए-साननं ते सगळं पाहिलं. पळी खाली ठेवली. दाराकडे न बघताच म्हणाली, "तो आत येणार आहे, की तिथेच गोठणार आहे?"

ओनुमा-सान आत आले. कंबरेमुळे गुडघ्यांवर बसायला वेळ लागला. मी हात द्यायला गेलो, तर आईनं मला मागे ओढलं. त्यांनी उदबत्ती उचलली. पण बोटं इतकी थरथरत होती की मेणबत्तीच्या ज्योतीला टोक लागेना. फुमिए-सान शेजारी बसली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. घट्ट, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवताना धरतात तसं. उदबत्ती पेटली.

"बाबा," ओनुमा-सान म्हणाले, "उशीर झाला."

  मी दुसरीकडे बघितलं.

"जेवलास का?" फुमिए-सानांनी विचारलं.

"नाही. उपवास आहे."

"अजून करतोस?"

"करतो."

"कशासाठी?"

ओनुमा-सानांनी दाराकडे बघितलं. तिनं उठून भात काढला, सूप गरम केलं, मासा भाजला. आमच्यासाठी भाज्या शोधल्या. भात ओनुमा-सानांनीच मागच्या महिन्यात दाराशी ठेवलेल्या तांदळाचा होता. ते सावकाश जेवले. वाडगं रिकामं झालं की ती न विचारता वाढायची आणि रागावल्यासारखं म्हणायची, "किती वाळलास."

ती चर्चला गेली नाही. त्यांनी बोलावलंही नाही. पण त्या संध्याकाळी ओनुमा-सानांचा उपवास बहिणीच्या घरी सुटला. आणि तेव्हापासून दर महिन्याला तिथेच सुटतो.