पँट कोण्या रंगाची होती?

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांटी कुठं पहिली आणि कुठं दुसरी हे मला कधीच कळलं नाही, आणि अक्षर असं की आज लिहिलेलं उद्या मलाच वाचता येत नाही. आकडे तेवढे बरे काढते. हे कुणाला दाखवायचं नाही, रद्द झालेल्या पावत्यांच्या पाठीमागं लिहितेय. पण मथुराआक्काबद्दल कुणीतरी लिहायलाच पाहिजे. पेपरवाले काही नीट लिहिणार नाहीत, म्हणून मी.

मथुराआक्का म्हणजे आमच्या गावच्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन. शाळेशेजारी पत्र्याची एक खोली आहे, तीच संस्था. सकाळी वडवणीहून दुधाचे कॅन न्यायला टेम्पो येतो, त्याच्यासोबत पेपर येतो. आक्का रिकामा कॅन पालथा घालून त्याच्यावर बसतात, दोऱ्यानं बांधलेला चष्मा कानाला अडकवतात आणि दूध मोजून होईस्तोवर आम्हाला पेपर वाचून दाखवतात.

पण पेपरात असतं तसं वाचत नाहीत. तीच तर गंमत!

एकदा पेपरात आलं होतं की अमक्या गावच्या महिला सरपंचांनी टँकरची पाहणी केली. पुढं लिहिलं होतं, त्यांनी फिकट गुलाबी साडी नेसली होती, दोन मुलांची आई असूनही त्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा होता आणि पतीचा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. टँकरात पाणी किती होतं, ते नव्हतं. आक्कांनी ती बातमी मनातल्या मनात वाचली, चष्मा वर केला, आणि शेजारची एका पुढाऱ्याची बातमी मोठ्यानं सुरू केली.

"सायबांनी दुष्काळी भागाचा दौरा केला. अंगात फिकट निळा सदरा व्हता. तीन लेकरांचा बाप असूनबी सायेब टवटवीत दिसत व्हते. पोट जरा सुटलंय, पर चालण्यात डौल हाय. घरचा सैपाक, धुणंभांडं सांभाळून सायेब राजकारण करत्यात. मंडळींचा त्यास्नी पूर्ण पाठिंबा हाय."

आम्ही हसून हसून बेजार. एकीच्या हातचं माप कलंडलं, अर्धा लिटर दूध जमिनीवर. आक्का मात्र गंभीर. पेपर उलटा-सुलटा करून म्हणाल्या, "कावून हसता गं? आन् पँट कोण्या रंगाची व्हती? ते लिव्हलंच न्हाई. अर्धीच बातमी दिली मेल्यानं!"

तेव्हापासून हा त्यांचा रोजचाच प्रश्न झाला. ग्रामसेवकानं ग्रामसभेचा अहवाल वाचला की आक्का मागून विचारायच्या, "पँट कोण्या रंगाची?" बँकेतून साहेब येऊन गेले असं सांगितलं, की तेच. आक्कांचे मालक भाऊराव, त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. ते एकदा कपिलधारहून दर्शन घेऊन आले, तर चप्पल काढायच्या आधी दारातूनच म्हणाले, "मथुरे, पुजाऱ्याचं धोतर व्हतं. पांढरं. आता पाणी दे."

दुसरं वेड लाल पेन्सिलीचं. पेपरात "एका महिलेने", "शेतकऱ्याच्या पत्नीने" असं बिननावाचं काही आलं, की आक्का समासात लिहायच्या, "कोण?" रोज. एकेका पानावर चार-चार वेळा. महिन्याची रद्दी जायची किराणा दुकानात. त्यामुळं आमच्या गावात शेंगदाण्याची पुडी सोडली की आतून "कोण?" निघायचं. पोरं शेंगदाणे खाता खाता एकमेकांना विचारायची, "कोण?" आणि पळायची.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. लोक जनावरं बाजाराला न्यायला लागले. संस्थेत आम्ही एकोणीस बाया. आक्का म्हणाल्या, "गाय गेली की संस्था गेली. संस्था गेली की आपण पुन्हा चुलीपुढं. छावणी आपणच घालू." आणि घातली! संस्थेच्या नावावर चारा छावणी, एकशेचाळीस जनावरं. चाऱ्याचा ट्रक आला की आक्का आधी काट्यावर उभ्या. एकदा वजन कमी भरलं, तर ट्रक तसाच माघारी लावला. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, तुमच्या मालकाला बोलवा." आक्का म्हणाल्या, "मालक सैपाक करतोय. मला सांग."

माझ्याकडं वही होती. कुणाचं जनावर, किती पेंढ्या, किती पेंड. मी लाजाळू बाई, चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नाही. पण त्या वहीवर वाकलं की मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत. बाया येऊन म्हणायच्या, "शांते, बघ गं माझं," आणि मी बघायची. आयुष्यात एवढी चांगली जागा मला दुसरी मिळाली नव्हती.

एक दिवस दिगंबर वार्ताहर मोटारसायकलवर आला. आम्हाला केवढा आनंद! पेपरात येणार! सगळ्या जणी पदर सारखे करायला लागल्या.

त्यानं आक्कांना पहिला प्रश्न विचारला, "घर सांभाळून हे सगळं कसं जमवता?"

आक्का म्हणाल्या, "तुमी घर सांभाळून बातम्या कशा लिव्हता?"

"माझं काय… घरी मंडळी हाय."

"मग लिव्हा, माझ्या घरीबी तात्या हाय."

त्यानं ते लिहिलं नाही. इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाला, "एखादा फोटो पाहिजे. त्या पोरीच्या डोक्यावर हंडा द्या." ती पोरगी म्हणजे मी.

"हंडा कशाला?" आक्का म्हणाल्या. "टँकर हौदात सुटतो, हौदाला पाइप हाय. ती वही लिव्हती, वहीचा काढा."

"वहीत काय दिसतंय आक्का? दुष्काळ दिसला पाहिजे."

तेवढ्यात चाऱ्याचा ट्रक आला आणि आक्का काट्याकडं गेल्या. त्यानं माझ्या हातातली वही घेतली आणि रिकामा हंडा दिला. मी गप घेतला. नाही म्हणायला शिकलेच नव्हते. "जरा वर बघा, पदर वाऱ्यावर सोडा," म्हणाला. सोडला.

तिसऱ्या दिवशी पेपर आला. आक्का कॅनवर बसल्या, पान उलटलं आणि वाचायच्याच थांबल्या. अर्ध्या पानावर माझं तोंड. खाली लिहिलं होतं, "दुष्काळाच्या झळा सोसतानाही खुललेलं गावाकडचं रूप." नाव नाही. शेजारी बातमी, की भाऊराव यांनी पत्नीच्या मदतीनं छावणी उभी केली. तात्या तर घाबरलेच. "मी कुठं उभी केली? मला शेणाचा वास सोसत न्हाई, मी एकदाबी गेलतो का तिथं?"

दुपारपर्यंत तो फोटो पानटपरीला चिकटवलेला होता. जाणारा-येणारा मोठ्यानं म्हणायचा, "खुललंय, लई खुललंय!" संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, सांगून टाकलं, "उद्यापासून संस्थेत जायचं न्हाई."

चार दिवस मी घरात. वही दुसऱ्या कुणी लिहिली, आणि एकीच्या गाईच्या पेंढ्या दुसरीच्या म्हशीनं खाल्ल्या. पाचव्या दिवशी आक्का आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "कामाला धाडली व्हती का रूप दाखवायला?"

"ती हिशोब मांडत व्हती बाई. हंडा त्या पेपरवाल्यानं ठिवला."

"पेपरात तर रूपच लिव्हलंय. पेपरवाला काय खोटं लिव्हील?"

आत्याबाई पुढं म्हणाल्या, "पेपरात नीट येऊ द्या. मग धाडते."

"आणते," आक्का म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी आक्का आणि तात्या वडवणीला दिगंबरकडं गेले. तिथं काय झालं ते तात्यांनी एवढ्या वेळा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे. दिगंबर म्हणाला, "खुलासा वरची माणसं छापत न्हाईत. जाहिरात द्या, ती छापतील." त्यानं नमुना दाखवला. कुण्या एका तरुण नेत्याचा वाढदिवस, खाली शुभेच्छा देणाऱ्यांचे एकतीस फोटो, निम्म्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे.

आक्कांनी विचारलं, "हे एवढे बापे कोण? यांनी काय केलं?"

"शुभेच्छा दिल्या."

"बस? शुभेच्छा दिल्या म्हणून नावासकट फोटू? आन् माझ्या बायांनी एकशेचाळीस जनावरं जगवली तर रूप?"

पाव पानाचे तीन हजार आठशे रुपये. आक्कांनी घराचे पत्रे बदलायला ठेवलेले पैसे तिथल्या तिथं टेबलावर ठेवले. तात्या म्हणतात, "मी वर बघितलं, म्हटलं आणखी एक वर्स आभाळ दिसणार."

मग काय धांदल सांगू! एकोणीस नावं लिहायची, आणि प्रत्येकीचं काम. बायांनी आमच्याच घरी गर्दी केली, कारण लिहिणारी मी आणि मला बाहेर बंदी. लग्नात नाव बदललेल्या विचारायला लागल्या, माहेरचं लिहायचं का सासरचं? आक्का म्हणाल्या, "ज्या हाकेला मान वळती, ते लिव्ह." गंगूची आई म्हणून जिला आम्ही वीस वर्षं हाक मारली, तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पदरात तोंड लपवून हसली आणि म्हणाली, "इंदुमती." सगळ्या जणी ओरडल्याच! एवढं देखणं नाव, आणि वीस वर्षं पेटीत!

जाहिरात छापून आली. वर संस्थेचं नाव. मग मथुरा, चेअरमन, ट्रकचं वजन. इंदुमती, आजारी जनावरांची देखभाल. अशी सगळी. मधे मी. शांता, वही आणि हिशोब, चार महिन्यांत एकही चूक नाही. आणि अगदी तळाला आक्कांनी पैसे भरून घालायला लावलेली ओळ: "छायाचित्र काढणाऱ्या वार्ताहरांनी त्या दिवशी राखाडी पँट घातली होती. ती त्यांना शोभत होती."

तालुकाभर हसले. दिगंबर पुढं महिनाभर आला की लोक आधी त्याची पँट बघायचे.

आत्याबाईंनी ती जाहिरात मला दोनदा वाचायला लावली.

"एकबी चूक न्हाई म्हणत्यात?"

"न्हाई."

बराच वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळी जाताना भाकर घेऊन जा. उपाशीपोटी हिशोब चुकंल."

मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही, पण वाटलं.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली, सगळी जनावरं ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेली. जाहिरातीचे पैसे आक्का परत घ्यायला तयार नव्हत्या, पण बायांनी ऐकलं नाही. प्रत्येकीचे दोनशे. दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून वीस रुपये. मीच वहीत मांडायची. माझी गाय मधे आटली, म्हणून माझे शेवटचे वीस मागं राहिले. ते घेऊन मी एका दुपारी आक्कांच्या घरी गेले.

आक्का एकट्याच होत्या. पैसे ठेवायला त्यांनी बिस्किटाचा जुना डबा उघडला. आत तळाला पेपराचा एक तुकडा होता, पिवळा पडलेला. मी वाचला. "विहिरीत पडून महिलेचा मृत्यू. पाणी शेंदताना पाय घसरून एका विवाहितेचा मृत्यू झाला. तिच्या पश्चात पती व एक मूल आहे." एवढंच. त्याच्याच खाली हरवलेल्या बैलाची बातमी, तिच्या दुप्पट. रंग तांबडा, डावं शिंग मोडकं, शेपटीचा गोंडा पांढरा. आणि समासात लाल पेन्सिलीनं "कोण?"

"माझी धाकटी बहीण," आक्का म्हणाल्या. "बैलाचं शिंग सुद्धा लिव्हलं बघ."

मी तो तुकडा मांडीवर ठेवून हातानं सारखा केला.

"इतकी वर्सं झाली. पेन्सिल घेते, पर त्या 'कोण'च्या म्होरं हात जात न्हाई." त्यांनी पेन्सिल माझ्यापुढं केली. "तू लिव्ह. तू चुकत न्हाईस."

"माझं अक्षर लई वाईट हाय, आक्का."

"असू दे. कौसल्या लिव्ह."

मी लिहिलं. वाकडं आलं. मग जाहिरातीच्या वेळी विचारायचे तसंच विचारलं, "काम काय लिहू?"

आक्का दाराकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पोहायला लई पटाईत व्हती. मलाबी तिनंच शिकवलं. पर त्या वर्सी विहिरीत पोहायला पाणीच नव्हतं." डब्याचं झाकण पदरानं पुसत म्हणाल्या, "पोहायला पटाईत, एवढंच लिव्ह."

तेही लिहिलं. आक्कांनी तुकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला, पुन्हा वाचला आणि घडी न घालता डब्यात सगळ्यात वर ठेवला. मग माझ्या दोन नोटा घेतल्या, मोजल्या, वही ओढली आणि शेवटच्या, एकोणिसाव्या नावापुढं लाल पेन्सिलीनं स्वतःच्या हातानं लिहिलं: शांता, दोनशे, पूर्ण फिटले.