पाठ टेकणार न्हाय!

आमच्या शेजारच्या आप्पांनी दाढ उभ्यानं उपटून घेतली. डॉक्टरनं खुर्ची मागं कलती करायला हात घातला, तसे आप्पा ताडकन उठले. "काढायची तर अशीच काढ. पाठ टेकणार न्हाय!" बुटका डॉक्टर बिचारा स्टुलावर चढला.

तरुणपणी आप्पा तालमीतले पैलवान. पाठीला कधी माती लागली नाही, असं तेच सांगतात, आणि त्यांना खोटं पाडायची आमच्या गल्लीत कुणाची टाप आहे? झोपतातसुद्धा कुशीवर.

असल्या माणसानं मोबाईलवर अवकाशात जाऊन येणारे प्रवासी बघितले आणि माझं डोकं खायला सुरुवात केली. "निघताना गड्याला उताणा पाडत्यात रं! छातीवर हत्ती बसल्यागत दाब. ही काय कुस्ती हाय?"

"मग नका जाऊ."

"जाणार! वर भुईच न्हाय. पाठ टेकंल कशाला?"

मग तसला प्रवास करून आलेले पुण्याचे एक गृहस्थ कोल्हापुरात व्याख्यानाला आले. आप्पांच्या पत्नी, आमच्या काकी, पडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्यापाशी माझ्या बायकोला बसवून आप्पांनी मला ओढतच नेलं.

पाहुणे रंगात आले होते. इंजिन थांबलं, पट्टे सोडले, भरदिवसा बाहेर काळं आभाळ, आणि चार मिनिटं आम्ही अधांतरी!

आप्पा उठले. "पावणं, आभाळ ऱ्हाऊ द्या. वर पाठ टेकती का?"

"छे! काहीच कशाला टेकत नाही."

"आन पायात जीव नसला तर?"

"तिथं पायांचं कामच नाही, आजोबा."

"मग आमच्या मंडळीला न्या."

सभागृह खदखदलं. आप्पा गरजले, "दात काय काढताय? तीन वर्सं तिची पाठ गादीला लागलीया. मी कुशीवर वळवतोय, तरी सोलून निघती. चार मिनिटं तर सुटंल! मी न्हाय जात. तिला न्या."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पाहुणे चाचरत म्हणाले, "त्यांना डॉक्टर परवानगी देणार नाहीत."

"परवानगी कोण मागतंय? नुसतं इचारून ठिवलं."

घरी आलो. आप्पा दारातूनच ओरडले, "अगं ए, वर पाठ टेकत न्हाय! तयारीला लाग!"

आतून काकींचा आवाज आला, "जाऊ की. आधी माझी कूस बदला."