कार्सोनोची जाड वाफ

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आमच्या कुदुस गावात कुणालाच वाटत नाही. आणि ज्यांच्या देखत घडलं, ते तर सगळ्यात आधी कानांवर हात ठेवतात. पण सार्मीच्या टपरीत बसून, तिचीच कॉफी पिता पिता मी थापा मारीन का? पेला डाव्या हातात धरलाय म्हणून नाकं मुरडू नका. उजवा हात लुंगीखालीच बरा आहे, त्याला वारा लागतो. आणि सार्मीला काही विचारू नका. ती पाठमोरी केळ्याची भजी तळते आहे, तिला कामात राहू द्या.

तर कार्सोनो. लवंगी सिगारेटच्या कारखान्यात या माणसाने चाळीस वर्षं तंबाखूला सॉस, म्हणजे वासाचा अर्क, लावला. थेंबभर अर्क दोन बोटांत घासायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचा, "फणस कमी पडलाय." निवृत्त झाला आणि ते नाक रिकामं पडलं. मग तो ते शेजाऱ्यांच्या रश्श्यात खुपसायला लागला.

त्याची एकुलती एक मुलगी विडुरी. तिचं मन बसलं गालिहवर, आणि गालिहचं दुकान ई-सिगारेटचं. तेही कुठे? कारखान्याच्या फाटकासमोर!

"वाफ भाताच्या भांड्यातून निघते," कार्सोनो गरजला. "माणसाच्या तोंडातून नव्हे!"

विडुरीने दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी बाप वाकला, पण पुरता नाही. "मागणी घालायला येऊ देत. पण त्या दिवशी पाहुण्यांनी जे काही ओढायचं, ते मी बनवणार. माझ्या घरात, माझ्या नाकाने."

गालिह ई-सिगारेटमध्ये घालायच्या द्रवाच्या दोन बाटल्या घेऊन आला. बिचारा गुडघ्यांवर बसून, होणाऱ्या सासऱ्याला आदराने बापाक म्हणत समजावू लागला.

"बापाक, हे ग्लिसरीन. जाड असतं, गोड असतं, वाफ ढीगभर देतं. पण वास दाबून टाकतं. आणि हे ग्लायकॉल. पातळ असतं, वाफ बेताची, पण वास खुलतो आणि घशाला टोचतं. अगदी तुमच्या लवंगेसारखं. आपण निम्मंनिम्मं घेऊ."

कार्सोनोने दोन्ही बोटांत घासून पाहिली. पातळ मनगटापर्यंत ओघळलं. जाड बोटाला धरून राहिलं.

"पातळ सॉस कोण लावतं, ठाऊक आहे? ज्याला माल वाचवायचा असतो तो. जाड घे."

"सगळंच जाड?"

"सोयरीक माझ्या मुलीची आहे की शेजाऱ्याची?"

"पण बापाक, मग लवंगेचा वासच लागणार नाही."

"मग लवंग वाढव. हे काय मी तुझ्याकडून शिकू?"

गालिहने विडुरीकडे पाहिलं. विडुरीने डोळ्यांनी सांगितलं, हो म्हण. तो हो म्हणाला.

दोघांचे जन्मवार मांडून कार्सोनोने मुहूर्त काढला होता. असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, अजानआधी मुलाच्या आईने मुलीच्या बोटात अंगठी घालायची. चुकलं तर पुढचा मुहूर्त चौदा महिन्यांनी. चौदा महिन्यांत आपला बाप किती वेळा मन बदलेल, याचा अंदाज विडुरीने बांधला होता, म्हणून हा मुहूर्त तिला गाठायचाच होता.

दिवस उजाडला. पाहुण्यांनी ताटं आणली. ताटांवर सोनेरी कागदाचे मोर. पंखा लावला की मोर उडत, म्हणून पंखा बंद. खिडकी उघडली की मोर माना टाकत, म्हणून खिडक्याही बंद. मध्ये जेनांग या गुळाच्या चिकट मिठाईचं भलंमोठं ताट, आणि भिंतीला टेकून कारखान्यातले आम्ही नऊ म्हातारे, प्रत्येकाच्या हातात गालिहच्या दुकानातलं एकेक यंत्र.

"वास कुठाय रे?" पहिला म्हातारा म्हणाला.

"जरा दमाने ओढ," कार्सोनो म्हणाला. "मागून येतो."

ओढलं. मागूनही वास आला नाही. मग आणखी लांब ओढलं. कार्सोनोच्या नाकाचा मान ठेवायचा म्हणून नऊच्या नऊ जण छाती फुटेस्तोवर ओढत राहिले आणि सोडत राहिले.

आधी छत गेलं. मग भिंती गेल्या. मग कार्सोनो गेला. हाताला हात दिसेना. मला माझं नाक तिसऱ्या प्रयत्नात सापडलं. कौलांतून पांढरे लोट निघाले, गल्लीत कुणीतरी आगीचा इशारा द्यायचा लाकडी ठोकळा बडवला, अग्निशमनचा बंब आला. पण चालकाला घर दिसेल तर ना! त्याने समोरच्या घरावर पाणी मारलं. समोरच्यांनी त्याला चहा पाजला. त्यांना भिंती धुवायच्याच होत्या.

आत गालिहची आई, बू हार्तिनी, घायकुतीला आली.

"अहो, अजान होईल! पोरी, हात कुठाय तुझा? दे इकडे!"

धुक्यातून एक हात आला. तिने तो घट्ट पकडला.

"अगं बाई, केवढा खरखरीत! पोर कष्टाळू आहे हो. पण बोट जरा जाड आहे."

"जाडच चांगलं!" धुक्यातून कार्सोनो म्हणाला.

बू हार्तिनीने करंगळी पकडली, देवाचं नाव घेतलं आणि अंगठी दाबून बसवली. तेवढ्यात कुणीतरी दार उघडलं. वाफ गल्लीत सांडली. पाहतात तर विडुरी एका कोपऱ्यात रिकामं बोट पुढे करून बसलेली, आणि अंगठी एका विधवा बाईच्या करंगळीत!

नाव घेत नाही, बाईमाणसाची अब्रू असते. तिने आपला जेनांगसाठी हात लांब केला होता.

"काढा ती!" विडुरी ओरडली. इतक्या वर्षांत बापासमोर तिचा आवाज पहिल्यांदा चढला.

ओढली. निघेना. करंगळी वांग्यासारखी जांभळी झाली. गालिहने ग्लायकॉल ओतलं. ते कोपरापर्यंत धावलं, अंगठी जागची हलली नाही. एक म्हातारा म्हणाला, "करवत आणू का?" त्यावर त्या... त्या बाईने असा काही हंबरडा फोडला की बंब परत आला.

आणि मग कार्सोनो उठला. ग्लिसरीनच्या बाटलीच्या तळाशी राहिलेलं सगळं त्याने करंगळीवर उलटं केलं, तीनदा चोळलं, एक झटका दिला. सुळ्ळकन! अंगठी उडाली, कागदी मोराच्या मानेत अडकली. बू हार्तिनीने मोरासकट उचलली आणि विडुरीच्या बोटात सरकवली. त्याच क्षणी मशिदीतून अजान सुरू झाली.

विडुरी रडली, गालिह रडला. कार्सोनो मात्र बाटली उंच धरून सगळ्यांना म्हणाला, "बोललो नव्हतो? जाडच!"

आता तो रोज गालिहच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक काहीही मागो, हा म्हणतो, "पातळ घेऊ नकोस. पातळाने अंगठी निघत नाही."

अशी ती गोष्ट. मी स्वतः डोळ्यांनी...

"कांग दार्मो," सार्मी हातातल्या झाऱ्यासकट माझ्याकडे वळली. "त्या घरात त्या दिवशी विधवा मी एकटी होते. आणि मी होते मागच्या अंगणात, दुसरा जेनांग ढवळत."

"अगं, मी कुठं तुझं नाव घेतलं?"

"आणि हाताला हात दिसत नव्हता म्हणता, तर जेनांगवर कुणी हात मारला ते तुम्हाला दिसलं कसं?"

"अंदाजाने गं..."

"अंदाज राहू द्या. तो उजवा हात लुंगीतून बाहेर काढा आणि करंगळीवरचा वळ दाखवा सगळ्यांना!"