फट शोधणारे भावोजी

शिरोडकर भावोजी कुणाकडे चहाला गेले, तरी आधी त्यांच्या दाराच्या फटीत पोस्टकार्ड घालून बघत. कार्ड आत सरकलं की झालं! "फट आहे हो!" म्हणत चहा होईस्तोवर चांगला सुतार कुठे मिळेल ते सांगत बसायचे. गिरगावातल्या आमच्या चाळीत एक दार त्यांच्या पसंतीला उतरलं असेल तर शपथ!

दोष त्यांचा नव्हे, नोकरीचा. परळच्या एका प्रयोगशाळेत गिनीपिगच्या आतल्या कानाचे पातळ काप काढायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, हा त्यांचा उद्योग. नळावर आम्ही बायका हंडे घेऊन उभ्या असलो की यांचं सुरू:

"वहिनी, कानात आत दोन तऱ्हेचं पाणी असतं. मध्ये पेशींची रांग. वरच्या कडेला एकमेकींना अशा गच्च धरून असतात, की इकडचा थेंब तिकडे जात नाही. एखादी मेली तर शेजारणी पसरून तिची जागा भरतात. पण फट? नाव नको!"

"मग तुम्ही जरा सरका, भावोजी. माझा हंडा भरायचाय."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात तर घोषणा राहिल्या बाजूला, हे आपले कोपरात कोपर नीट अडकलंय का ते रांगभर तपासत फिरले.

बायकोपुढे मात्र अगदी लोणी. क्षयाच्या इंजेक्शनांनी इंदूचा जीव वाचवला, पण कान नेले. तिच्यासमोर बसून ते सावकाश, ओठ दिसतील असं बोलत. कामावर निघताना मला रोज तेच सांगणं, "वहिनी, काही गडबड झाली तर तिला ऐकू यायचं नाही हो."

आणि एक दिवस झालीच. भर दुपारी रस्त्यावर मोर्चावर पोलिसांचा गोळीबार! इंदू गॅलरीत निवांत कपडे वाळत घालतेय. आम्ही तिघी शेजारणींनी तिला ओढत माझ्या खोलीत आणलं, दार लावलं. आता हिला सांगायचं काय? पापडाचं पीठ भिजवलेलं होतं. म्हटलं, "चला, लाटायला बसा!" बाहेर धाड धाड आवाज, आत आमची लाटणी. इंदू वैतागली, "काय गं, आज सगळ्यांचेच पापड वाकडे?"

सगळं शांत झाल्यावर भावोजी आले. परळहून चालत. घामाघूम, एका पायात चप्पल नाही. दारातून नुसतं "इंदू?" म्हणाले. ती दिसल्यावर तिच्यासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, "साहेबांनी आज लवकर सोडलं." मग गॅलरीत जाऊन कठडा धरून ढसाढसा रडले. मला मेलीला त्यांची थट्टा केल्याची लाज वाटली.

तेवढ्यात इंदूने माझा हात दाबला. हळूच म्हणाली, "तावदानं थरथरत होती, तुमची तोंडं पांढरीफटक. मला कळत नाही होय? पण यांना सांगू नकोस हं. मी घाबरले होते हे कळलं, तर उद्यापासून कामावर जायचे नाहीत."