न हसलेल्यांची साक्ष

सकाळी भरल्या लिफ्टमध्ये लिफ्टमननं हिशेबनिसांच्या कानाखाली एक सणसणीत वाजवली. त्या कार्यालयात एखादं काम अर्जाशिवाय, सहीशिवाय आणि तत्काळ झाल्याची ही पहिलीच वेळ.

लिफ्टमन तसा गरीब माणूस. हिशेबनीस त्याच्यावर रोज एकच विनोद करीत. ‘‘काय राव, इतकी वर्षं वर जाताय, पण हुद्दा मात्र तळमजल्यावरच!’’ लिफ्टभर खसखस पिके. लिफ्टमन मुकाट्यानं बटणांकडे बघत राही. त्या दिवशी त्यानं बटणांऐवजी हिशेबनिसांकडे बघितलं, एवढाच काय तो फरक.

नोकरी गेली तर इमारतीमागची राहती खोलीही जाणार होती. ‘‘अहो, घाबरता कशाला?’’ बायको म्हणाली. ‘‘एवढी माणसं ऐकत होती, सांगतीलच की.’’

चौकशी समिती बसली. मारणारा दोषी खराच, परंतु चिथावणाऱ्यानंही दोषाचा रास्त वाटा उचलावा, असं तत्त्व तिनं एकमतानं मान्य केलं. लिफ्टमनच्या जिवात जीव आला.

‘‘मी चिथावलं नाही, विनोद केला,’’ हिशेबनीस गाल चोळत म्हणाले.

कायदा सल्लागारांनी चष्मा पुसला. ‘‘कोणी हसलं असेल तर माणसाची नाचक्की झाली, म्हणजेच चिथावणी झाली. कोणीच हसलं नसेल तर ते नुसतं बोलणं. तेव्हा हसलं कोण, एवढंच ठरवायचं.’’

साक्षी सुरू झाल्या. आवक-जावक विभागातल्या बाईंना नेमकी त्याच वेळी उचकी लागली होती. भांडारपालांचा दात दुखत होता, म्हणून तोंड उघडं होतं. दोघे टंकलेखक हसले होते, पण दुसऱ्याच कशावर तरी, आणि ते काय होतं हे आता त्यांना आठवत नव्हतं.

‘‘थोडक्यात, कोणीही हसलेलं नाही,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘साहेब, तुम्हीच हसलात की!’’ लिफ्टमनला राहवेना. ‘‘इतके हसलात की तुमचा मजला निघून गेला. मीच तुम्हाला परत खाली आणून सोडलं.’’

कायदा सल्लागारांना फिस्सकन हसू आलं, ते त्यांनी तातडीनं खोकल्यात वळतं केलं. अध्यक्ष लालबुंद झाले. ‘‘ही तर समितीलाच चिथावणी!’’

निकाल लागला. हसण्याचा पुरावा नाही, सबब विनोद नाही. विनोद नाही, सबब चिथावणी नाही. मारहाणीचा संपूर्ण दोष लिफ्टमनचा, त्याला बडतर्फ करण्यात येत आहे. शिवाय समितीला एवढं कठोर होण्यास चिथावल्याबद्दल या निर्णयाचा निम्मा दोषही त्याचाच. उरलेला निम्मा कोणाचा, हे ठरवण्यासाठी स्वतंत्र समिती नेमण्यात येईल.

‘‘एकही माणूस खरं बोलला नाही?’’ भांडी बांधता बांधता बायकोनं विचारलं.

‘‘कसं बोलतील? त्यांच्यातलं कोणी हसलंच नव्हतं.’’ त्याला राग आला नाही. फार एकटं वाटलं.

स्वतंत्र समितीचं काम चालू आहे आणि तिला साक्षीदार हवे आहेत. हिशेबनिसांचा तो विनोद वर तुम्हीही वाचलात. तेव्हा तुमच्या ओठांचं जे काही झालं, ते दातदुखीमुळेच झालं, असं लिहून घेऊ ना?