मोत्याची जात

"मोत्याऽऽ, ये रे घरीऽऽ! भात निवून राहिलाऽऽ!"

ही हाक लहानपणापासून माझ्या कानात घर करून आहे. दिवस टेकलेला, धानाच्या बांध्यांतल्या पाण्यावर शेवटचा उजेड, घरामागच्या शेताच्या धुऱ्यावर पदर खोचून उभी माझी माय, आणि तिच्या हाकेसरशी चुलींचा धूर आमच्या दिघोरी गावावर हळूच उतरायचा. हाक आली की मोत्या घराकडे पळायचा. मीही पळायचो. आम्ही दोघं नेहमी एकाच वेळी ताटावर पोचायचो, इतका आमचा जीव होता एकमेकांवर!

त्या हाकेच्या भरवशावरच मी या दिवाळीत जाहीर केलं, की मायला कुत्रा घेऊन देणार. असातसा नाही. जाती पारखून, स्वभाव जोखून, देखभालीचा पूर्ण विचार करून.

"मोत्या कोणत्या रंगाचा होता हो?" रश्मीनं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"पांढरा."

"मागच्या वर्षी काळा म्हणाले होते."

"अगं, पळताना रंग कुठे दिसतो?"

माझी माय बायजाबाई दिघोरीत एकटी राहते. बाबा गेल्यावर मी तिला भंडाऱ्याला आणायची खूप खटपट केली. ती म्हणाली, "तुमच्या फ्लॅटात कोंबडं आरवत नाही. सकाळ झाली हे मले कोन सांगन?" मग मीच दर रविवारी जायला लागलो. पुढे महिन्यातून एकदा. पुढे सणाला. फोनवर ती रोज म्हणते, "मी बरी आहो बाबू, तू आपलं काम पाय." आणि फोन ठेवल्यावर मला काही काम सुचत नाही. सांजच्या वेळी तिच्या उंबऱ्यात कुणीतरी बसलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

अभ्यासाला लागलो. हस्की पहिल्या दिवशीच बाद केला. मे महिन्यात आमच्याकडे माणूसच माणसात राहत नाही, तिथं बर्फातल्या जनावराचं काय? पग दिसायला गोड, पण उन्हात त्याला धाप लागते, आणि मायला आधीच दमा. दोघं एकमेकांकडे पाहून धापा टाकणार. उरले तीन. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि पॉमेरेनियन.

लाखांदूरच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जात मंग पाहू. ज्याईच्यासाठी घेऊन राहिले त्याईचा स्वभाव सांगा."

"मायचा? जन्माची कुत्रेवेडी!"

"त्याईले विचारलं का?"

काही लोकांना उगाच शंका असतात.

खरं तर मायला विचारलं होतं. ती म्हणाली, "पाहू." आमच्या घरात "पाहू" म्हणजे होच.

आता पारखायचं कसं? दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. सोयरिकीसुद्धा मंडईतच जुळतात. मुलगी पाहतात, मुलगा पाहतात, घराणं पाहतात. मग कुत्राच का पाहू नये? ओळखीत ज्यांच्याकडे या तीन जाती होत्या त्यांना दिघोरीच्या मंडईचं आवतण दिलं, आणि शेवटी सांगितलं, "येताना कुत्रा आणा."

आधी आला माझ्या ऑफिसातला कैलाश, लॅब्राडोर घेऊन. प्रिन्स त्याचं नाव. अंगानं पोळ्याच्या बैलासारखा, मनानं लाडूसारखा.

"स्वभाव?" मी विचारलं.

"चोर आला तं त्याले टॉर्च धरून दाखवन," कैलाश अभिमानानं म्हणाला. "फक्त खाणं सांभाळा लागते. पोट भरलं हे त्याले समजतच नाही. आन केस गळते. घरात फुकटची गादी तयार होते."

प्रिन्स मायकडे गेला. मायच्या हातात पाहुण्यांसाठी तळलेल्या वड्यांची परात होती. तिनं मान दुसरीकडे वळवली, हात लांब केला आणि आख्खी परात त्याच्यापुढे ठेवून दिली.

"पाहिलं?" मी रश्मीला म्हणालो. "एक वडा नाही, परात! आणि लाजली पाहा कशी."

"मला वेगळंच वाटून राहिलं," रश्मी म्हणाली.

तेवढ्यात चिखल्याहून सुखराम आला. हा रश्मीचा भाऊ, खाणीच्या कॉलनीत राहतो. त्याचा जर्मन शेफर्ड टायगर. टायगरनं घराला एक चक्कर मारली, सगळ्यांचा वास घेतला आणि माजघराच्या दारात जाऊन बसला. माय आत होती.

"हा एकाच माणसाचा असते," सुखराम म्हणाला. "एकदा मालक मानला का मंग दुसऱ्याचं ऐकत नाही. पण सकाळ-संध्याकाळ लंबा फिरवा लागते, जिजाजी. नाही फिरवलं तं डोकं फिरते त्याचं."

"मायला चालणं चांगलंच."

जेवायची वेळ आली तरी माय आतच. मी दारातून आवाज दिला, "माय, येत नाहीस का?"

"बसू दे त्याले," आतून बारीक आवाज आला. "मी आतच बरी."

"पाहिलं?" मी सुखरामला म्हणालो. "त्याला उठवायला नको म्हणते. पहिल्याच भेटीत इतकी माया." सुखरामनं माझ्याकडे पाहिलं, मग टायगरकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

शेवटी पवनीहून रश्मीची मावशी देवकाबाई आली. कडेवर पॉमेरेनियन, नाव बेबी, गळ्यात लाल रिबीन.

"रोज विंचराव लागते हिले," मावशी बेबीच्या अंगावरून फणी फिरवत म्हणाली. "नाही तं गुठळ्या होते. एसीत झोपते. आन जराशी बोलकी हाये."

जराशी बोलकी बेबी कडेवरून उतरली, टायगरच्या नाकाशी जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. टायगर उठला. प्रिन्सला वाटलं, वाढायला घेतलं. तो थेट चुलीकडे गेला. कोंबडीच्या रश्शानं भरलेलं गंज चुलीवरून आडवं झालं. रश्शाचा ओघळ अंगणात आला आणि तिन्ही जातींचा स्वभाव क्षणात एकच झाला.

याच वेळी घरासमोरून रात्रीच्या नाटकाचा भोंगा चालला होता. सायकलरिक्षात माईक धरून नाटक मंडळाचा वीरेंद्र. त्यानं आत डोकावून पाहिलं. तीन जातिवंत कुत्रे, नवी कापडं घातलेले पाहुणे, आणि मधे मी दोन्ही हात वर करून उभा. त्याचा जो समज व्हायचा तो झाला.

"गावकरी बंधू-भगिनींनो! जीवनभाऊच्या घरी कुत्र्याईची मंडई भरली हाये. आपापले कुत्रे घेऊन लवकरात लवकर हजर राहावे!"

मी त्याला थांबवायला धावलो. त्याला वाटलं, मी बोलायला आलोय. त्यानं माईकच माझ्या तोंडाशी धरला. "अरे नाही, फक्त माझ्या मायसाठी!" असं मी म्हणालो, आणि ते गावभर गेलं. म्हणजे बायजाबाईला कुत्रा हवा आहे, हे गावाला पक्कं झालं.

अर्ध्या दिघोरीनं आपले कुत्रे आणले. दोरीनं, साखळीनं, जुन्या ओढणीनं बांधून आणले. एकानं लंगडा आणला, "गरीब हाये बिचारा." एकीनं चार पिल्लं पदरातून आणून ओसरीवर सोडली, "बायजाबाई, तुले पाहिजे तितके ठेव." जिच्या घराला आयुष्यात कधी कुत्रा नव्हता, तिनं शेळी आणली.

आणि माय? माय माजघरात नव्हती. मी घाबरलो. शोधलं तर काय, शिडी लावून धानाच्या माळ्यावर जाऊन बसलेली! जे गुडघे दोन पायऱ्यांनासुद्धा कुरकुरायचे, ते गुडघे शिडी चढून गेले होते.

"पाहिलं?" मी म्हणालो, पण या वेळी माझा आवाज मलाच बारीक वाटला. "वरून सगळे नीट दिसतात ना."

"आधी वर जा तुम्ही," रश्मी म्हणाली.

वर गेलो. माय पोत्यांना पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. खाली भुंकण्याचा नुसता पूर आला होता.

"माय, कोणता आवडला?"

तिनं पाय आणखी जवळ ओढले.

"लॅब्राडोर शांत आहे. टायगर राखणीला बरा. मोत्यासारखा हवा असेल तर गावठीही..."

"बाबू," ती म्हणाली, "मले कुत्र्याचा भेव लागते. लहान होती तईपासून."

"मग मोत्या? तू रोज धुऱ्यावरून हाक मारायचीस तो?"

"मोत्या नावाचा कुत्रा आपल्या घरी कईच नव्हता."

"मला आठवतो ना! हाक आली की पळायचा!"

"तूच पळे."

खाली बेबी बोलतच होती. मायनं पदरानं तोंड पुसलं.

"तुह्या आधी दोन गेले. बारसंही नाही झालं त्याईचं. तू झाला तं मी मनात म्हटलं, सांजच्या पारी उघड्यावर याचं नाव घेऊन हाक नाही मारत. कोन आयकन, कोन नेईन. कुत्र्याच्या नावानं हाका मारो. कुत्र्याले कोन नेते?"

"बाबांना माहीत होतं?"

"तुह्या बापाचं नाव चिंधू काहून ठेवलं होतं? असंच, जगाव म्हनून. जलमभर चिंधी म्हनून हासले लोकं त्याले. बुद्धविहारात सर्वाईसमोर बोलला होता, माह्या लेकराचं नाव जीवन, या घरात आता कोनाचं असं नाव नाही. मंग त्याले कसं सांगू? तो दूरच्या शेतातून यायच्या आधी हाक मारून घेवो. तू शाळेत गेला तई बंद केलं."

"मग मला तरी सांगायचं!"

"कसं सांगू? तू चार लोकाईत इतक्या हौसेनं सांगे, आमचा मोत्या असा, आमचा मोत्या तसा. मले वाटे, असू दे, पोट्ट्याले खेळाले सोबती भेटला."

पांढरा नाही, काळा नाही. गहूवर्णी निघाला मोत्या, आणि आता चष्माही लागलेला.

खालून रश्मीनं आवाज दिला, "अहो, लोक विचारून राहिले! कोणती जात ठरली आईंची?"

मी मायकडे पाहिलं. तिनं शिडीपाशी सरकून खाली पाहिलं, टायगर दिसला तशी पुन्हा मागे सरकली आणि माझा हात धरला.

"सांग तिले, आपल्या घरी एक हाये म्हनाव. खुराक जास्त, अक्कल बेताची, चावत नाही. आधी एका हाकेत येत होता. आता येत नाही. मी बरी आहो म्हनलं का, त्याले ते खरंच वाटते."