रुखवतातले पोपट

आकाराम सुतारांच्या लेकीच्या रुखवतात सगळ्यात पुढं सोळा लाकडी पोपट मांडले होते. चोच, पंख, शेपटीचं एकेक पीस कोरलेलं. खाली पाटी, ‘सर्व वस्तू वधूने स्वतः बनवल्या.’ आता रुखवताच्या पाटीवर कोण विश्वास ठेवतं? मावशीचं विणकाम, शेजारणीचे लाडू, सगळं वधूच्याच नावावर खपतं. पण इचलकरंजीच्या विहीणबाईंनी, वर्षाराणींनी, ठेवला. त्यांनी पोपट हातात घेऊन माईक मागवला आणि अख्ख्या हॉलला सांगितलं, "आमची सून मशिनवर लाकूड कोरती!"

या सुनेनं, संयोगितानं, आयुष्यात पेन्सिलीला धड टोक काढलं नव्हतं. पोपट आकारामांनी मंगळवार पेठेतल्या आपल्या दुकानात राऊटरवर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या बिटाच्या, बारीक पात्याच्या, हातमशिनवर, कोरले होते. पण लेकीच्या कौतुकापुढं ते मूग गिळून बसले आणि तिथंच फसले.

डिसेंबरात संयोगिताचा फोन आला. "आण्णा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सासूबाईंस्नी चाळीस पोपट पायजेत."

"चाळीस? हात दुखतोय म्हणून सांग की!"

"सांगितलं. रोज तेल लावून चोळाय लागल्यात."

आकारामांनी गिऱ्हाइकांची कामं मागं टाकली. संयोगिता दर रविवारी ‘कोरायला’ माहेरी यायची, मटण-भाकरी खाऊन झोपायची आणि संध्याकाळी दहा पोपट पिशवीत घालून जायची. सुनेची ही ओढाताण वर्षाराणींना बघवेना. चौथ्या रविवारनंतर, पुढचं कोरकाम तरी घरीच व्हावं म्हणून, त्यांनी सरळ एक राऊटर विकत आणलं.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन आकाराम इचलकरंजीला पोचले, तेव्हा सोप्यात चाळीस बायका बसल्या होत्या. मधे टेबल, टेबलावर फळी आणि ते नवं मशीन.

"बरं झालं आलासा, पावणं," वर्षाराणी म्हणाल्या. "बसा. लेकीची कला बघा."

संयोगितानं मशीन उलटं धरलं. आकाराम ताडकन उठले. असल्या मशिनवर दोघा कारागिरांची बोटं गेलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. अब्रू गेली तर जाऊ दे, पोरीची बोटं राहू देत!

"थांब!" ते ओरडले. "विहीणबाई, माफ करा. पोपट मी कोरलेत. तिला ह्यातलं काय बी येत न्हाय."

वर्षाराणी खदाखदा हसल्या. "बघितलंसा का बायांनो? लेकीनं नाव काढलं तर बापाला बघवंना!"

"बाप्यांची जातच तसली," मागून एक म्हातारी म्हणाली. "हिनं राबायचं आन नाव ह्येंचं!"

"अवो, खरंच मी..."

"मग कोरून दावा की!" वर्षाराणी म्हणाल्या.

आकारामांनी मशीन घेतलं. पहिल्याच वळणाला चोच उतरली. मानेला असा काही बाक आला की बायका पुढं सरकल्या. वर्षाराणींचं हसू मावळलं आणि त्यांची नजर पोपटावरून सावकाश सुनेकडं वळली. आकारामांनीही तिकडं बघितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडलेला, डोळ्यांत पाणी. आणखी एक पंख, की ही या घरात जन्मभराची खोटारडी ठरणार. आकारामांना स्वतःच्या जिभेचा, हाताचा आणि त्या सोळाच्या सोळा पोपटांचा संताप आला.

त्यांनी दातओठ खाऊन मशीन फळीतल्या गाठीत घुसवलं. खर्रर्र! पोपटाची मान उडाली आणि बिट मोडून लाकडात अडकलं. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा लाकूड मुद्दाम नासवलं होतं. त्यांना खरोखरच रडू आलं.

चाळीस बायका पोट धरून हसल्या.

"अगं बया, एकच बिट आणलं हुतं!" वर्षाराणींनी कपाळाला हात लावला. "आता सुनेनं कशानं कोरायचं? ज्याचं काम त्येनंच करावं, पावणं."

संयोगितानं पदरानं डोळे टिपले. मोडक्या बिटाकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आण्णा, मशीन हलक्या हातानं धरायचं असतंय. कितींदा सांगितलंय तुमास्नी?"

"चुकलं, बाई," आकाराम म्हणाले.